साथीच्या काळात मदतीचे हात का आखडले?

हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी मोजकीच मिनिटे हाती असतात. छाती दाबणे व विजेचा झटका देणे यांवाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणूनच अनेक देशांत स्थानके, विमानतळ, क्रीडागृहे अशा ठिकाणी स्वयंचलित डीफिब्रिलेटर ठेवलेले असतात. जपानने २००४ मध्ये सामान्य नागरिकांनाही तो वापरण्याची मुभा दिली. हे यंत्र बोलून सूचना देते आणि झटक्याची गरज नसेल, तर तो देतच नाही.

कोरोनाच्या साथीत मात्र ही व्यवस्था दोन बाजूंनी लंगडी पडली. पहिले कारण जागेचे. टाळेबंदीत माणसे घरात राहिली आणि यंत्रे कुलूपबंद इमारतींत. दुसरे कारण भीतीचे. अनोळखी माणसाच्या जवळ जाण्यास लोक कचरू लागले. इटलीतील लोम्बार्डीच्या चार जिल्ह्यांत २०२० मधील साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या. उपस्थितांनी छाती दाबून मदत केल्याचे प्रमाण मात्र १५.६ टक्केबिंदूंनी घसरले.

हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या, चिपळूण तालुक्यातील अलोरेसारख्या गावाचा विचार करावा. राज्यात २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पण वळणावळणाच्या रस्त्याने वाहन पोहोचेपर्यंतची मिनिटे शेजाऱ्यांनाच भरून काढावी लागतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शेजारच्या घराचा उंबरठा ओलांडणेही अवघड झाले. अशा वेळी यंत्र शाळेच्या वा कार्यालयाच्या बंद खोलीत असेल, तर त्याचे असणे आणि नसणे सारखेच.

तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्येच यावर मार्ग सुचवला होता. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत सामान्य नागरिकाने तोंडाने श्वास न देता केवळ छाती दाबावी आणि उपलब्ध असल्यास डीफिब्रिलेटर वापरावा. रुग्णाचे नाकतोंड कापडाने झाकण्याचा सल्लाही अनेक देशांतील संस्थांनी दिला. यंत्राच्या चकत्या छातीवर चिकटवायच्या असतात. त्यासाठी रुग्णाच्या तोंडाजवळ जावे लागत नाही. झटका देऊन होणारा लाभ संसर्गाच्या धोक्याहून मोठा ठरण्याची शक्यता अधिक, असे त्यामागचे गणित होते.

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. तयारी मात्र आज करता येते. यंत्र घ्यायचे झाल्यास ते टाळेबंदीतही उघडे राहणाऱ्या जागी, म्हणजे पोलीस चौकी, आरोग्य केंद्र किंवा रेशन दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर असावे. छाती कशी दाबावी हे प्रत्येक वाडीतील चार-दोघांना तरी यायला हवे. भीती पुसली जात नाही. पण काय करायचे हे ठाऊक असले, तर ती हात बांधून ठेवत नाही.