श्रेयांक जमा होतात, पण पदवीत बसतात कसे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून काम करणाऱ्या एक बाई मध्यंतरी माझ्याकडे आल्या होत्या. हातात प्लॅस्टिकचे फोल्डर, त्यात चार प्रमाणपत्रे. चारही रंगीत, चकचकीत, प्रत्येकावर त्यांचे नाव छापलेले. सुशासन, ई-शासन, मनुष्यबळ व्यवस्थापन आणि सार्वजनिक धोरण असे विषय. रात्री स्वयंपाकघर आवरून झाले की मुलाच्या शेजारी बसून त्यांनी मोबाइलवर हे अभ्यासक्रम पुरे केले होते. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता : "सर, मी दूरशिक्षणाने लोकप्रशासनाच्या पदवीला नाव घातलंय. यातले माझे किती पेपर सुटतील?"

एकही सुटणार नव्हता. हे सांगताना मला जड गेले, कारण त्यांची मेहनत खोटी नव्हती. पदवी हाती आल्याशिवाय राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेला बसता येत नाही आणि वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही. त्यांच्या दृष्टीने एक सत्र वाचणे म्हणजे एक संधी वाचणे होते. अशी फोल्डरे घेऊन येणारे विद्यार्थी आता वाढले आहेत, म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर बोलायचे ठरवले.

आधी श्रेयांक म्हणजे काय ते पाहू. कॉलेजात सगळे याला क्रेडिटच म्हणतात. पूर्वी आपण वर्ष पास किंवा नापास होत असू. आता अभ्यासाचे माप श्रेयांकात होते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे विद्यार्थ्याचे साधारण तीस तासांचे शिकणे म्हणजे एक श्रेयांक. यात वर्गातले तास आले, घरचे वाचन आले, स्वाध्याय आले, परीक्षेची तयारीही आली. वर्षाला चाळीस श्रेयांक, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला एकशेवीस. चौथे वर्ष केले तर एकशेसाठ. एखादा पेपर चार श्रेयांकांचा असेल, तर त्यामागे सुमारे एकशेवीस तासांचे काम गृहीत धरलेले असते. दोन रविवारांत संपणाऱ्या अभ्यासक्रमाला चार श्रेयांक का मिळत नाहीत, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

आता ऑनलाइन शिक्षणाकडे वळू. खासगी संकेतस्थळांवर हजारो अभ्यासक्रम आहेत आणि त्यांतले काही खरोखर उत्तम आहेत. नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवा, अवश्य दाखवा. पण ते पदवीत मिळवायचे असतील तर प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे त्यासाठीचा राजमार्ग म्हणजे केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ. त्याचे उद्घाटन जुलै २०१७ मध्ये झाले, पण तिथले श्रेयांक पदवीत घेण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याआधीच, २०१६ मध्ये केला होता. तेव्हा एका सत्रातल्या वीस टक्के विषयांपर्यंत मुभा होती. मार्च २०२१ च्या नव्या नियमांनी ती चाळीस टक्के केली. सत्रात पाच पेपर असतील तर पूर्वी एक बाहेरून करता येई, आता दोन करता येतात.

मात्र ही कमाल मर्यादा आहे. विद्यापीठाने चाळीस टक्के दिलेच पाहिजेत, असा तिचा अर्थ नाही. प्रत्येक सत्राआधी स्वयम्‌वरच्या अभ्यासक्रमांची यादी निघते. त्यातले कोणते आपल्या कोणत्या पेपरऐवजी चालतील, हे विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी यादी सत्र अर्धे सरल्यावर सूचनाफलकावर लागते आणि काही ठिकाणी ती कोणाच्या टेबलावर आहे हेच कळत नाही. विद्यार्थी मग अंदाजाने नाव नोंदवतो आणि पस्तावतो. यात माझ्या मते दोष विद्यार्थ्याचा कमी आणि यंत्रणेचा जास्त आहे. पण भोगायचे विद्यार्थ्याला असते, म्हणून सावध त्यानेच राहायला हवे.

दुसरी गोष्ट परीक्षेची. स्वयम्‌वर नाव नोंदवायला आणि व्याख्याने ऐकायला पैसे पडत नाहीत. श्रेयांक हवे असतील तर मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर परीक्षा द्यावी लागते. साधारणपणे तीस गुण स्वाध्यायांना आणि सत्तर अंतिम परीक्षेला असतात. आयआयटींच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांत हेच प्रमाण पंचवीस आणि पंचाहत्तर असे आहे. दोन्हीकडे वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. "मी सगळे व्हिडिओ पाहिले" याला पदवीच्या हिशेबात शून्य किंमत आहे.

आता थोडे बँकेविषयी. २८ जुलै २०२१ रोजी 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम अधिसूचित झाले. बँक हे नाव फार समर्पक आहे, पण त्यानेच घोटाळाही होतो. खाते आपण डिजिलॉकरमधून उघडतो, बारा आकडी क्रमांक मिळतो, खात्यात काय जमा आहे ते मोबाइलवर दिसते. इथपर्यंत सगळे आपल्या ओळखीच्या बँकेसारखे. फरक असा, की या खात्यात आपल्याला स्वतः काहीही भरता येत नाही. प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन गेलात तर ही बँक ती घेणार नाही. श्रेयांक जमा करायचे ते नोंदणीकृत संस्थेने. आणि जमा झालेले श्रेयांक २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासूनचे असावे लागतात. त्याआधी दोन वर्षे करून शिक्षण सोडलेल्यांनी या बँकेकडे न पाहता थेट विद्यापीठाच्या प्रवेश नियमांत आपल्याला जागा आहे का ते विचारावे.

जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. बाळंतपण, बदली, घरातले आजारपण यांमुळे शिक्षण तुटलेल्या माणसाला ही सात वर्षे म्हणजे मोठा आधार आहे. शिवाय एकदा एका पदवीसाठी वापरलेला श्रेयांक खात्यातून जातो. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची परवानगी दिली आहे हे खरे, पण एकाच पेपरचे श्रेयांक दोन्हीकडे दाखवता येतील, असे मनात धरू नये.

सगळ्यात महत्त्वाची अट पुढची. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, त्याच विद्यापीठात निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. एकशेवीसपैकी साठ. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. पदवीवर शिक्का ज्या विद्यापीठाचा, त्याने तुम्हाला निम्मे तरी शिकवलेले असावे. अमेरिकेतही एकशेवीस श्रेयांकांच्या पदवीला शेवटचे तीसेक तरी आपल्याच विद्यापीठात करावेत, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

याच आकड्याशी जुळणारी, पण वेगळी अशी आणखी एक अट आहे आणि लोकांची गल्लत इथे फार होते. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात मुख्य विषयाचेही निम्मे श्रेयांक सांगितले आहेत. तीन वर्षांच्या पदवीत 'लोकप्रशासन' हा मुख्य विषय म्हणून हवा असेल, तर साठ श्रेयांक लोकप्रशासनाचेच लागतात. योग, पर्यावरण, संवादकौशल्य यांचे श्रेयांक एकूण बेरजेत बसतील, पण त्यांनी मुख्य विषय भरत नाही. बाहेरून सोपे पेपर करून बेरीज वाढवणाऱ्यांना हा हिशेब शेवटच्या वर्षी कळतो.

आता समकक्षतेकडे येतो. नुसते नाव सारखे असून भागत नाही. अभ्यास मंडळ चार गोष्टी पाहते : स्तर, श्रेयांक, आशय आणि मूल्यमापन. त्या बाईंच्या चार प्रमाणपत्रांपैकी तीन खासगी संकेतस्थळांची होती. चौथे स्वयम्‌चे, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेले, पण ते पदव्युत्तर स्तराचे निघाले. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ते लावायचे कसे?

लोकप्रशासनात आशयाचा प्रश्न जरा खास आहे. प्रशासकीय सिद्धान्ताचा पेपर घ्या. वुड्रो विल्सन, मॅक्स वेबर, हर्बर्ट सायमन हे दिल्लीत तेच आणि धाराशिवातही तेच. असा पेपर बाहेरून करायला हरकत नाही. पण स्थानिक स्वराज्य संस्थांचा पेपर पाहा. राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासक्रमात १९५७ ची बलवंतराय मेहता समिती येईल, १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती येईल. मात्र वसंतराव नाईक समिती, तिच्या शिफारशींवरून झालेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम तिथे ओझरते येतील किंवा येणारही नाहीत. मेहता समितीचा भर मधल्या पायरीवर, म्हणजे पंचायत समितीवर होता. महाराष्ट्राने जिल्हा परिषद बळकट केली. ज्या बाई रोज पंचायत समितीच्या आवक-जावक नोंदवहीवर बसतात, त्यांनी हा फरक न शिकता पदवी घेणे मलाही रुचणार नाही. एखाद्या मंडळाने असा पेपर नाकारला तर ते उगाच आडमुठेपणा करतात, असे दर वेळी समजू नका. असा पेपर आपल्याच विद्यापीठात करावा.

आता एक अगदी घरगुती अडचण. डिजिलॉकरमधले खाते आधारच्या नावाने उघडते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. लग्नानंतर आधारवर आडनाव बदलते आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते. विद्यापीठात नाव एक, आधारवर दुसरे, स्वयम्‌वर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. नावे जुळली नाहीत की श्रेयांक खात्यात येत नाहीत आणि चूक कोणाची ते कोणीच सांगत नाही. पुरुषांना हा त्रास सहसा होत नाही, त्यामुळे तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. प्रवेशाच्या वेळीच तिन्ही ठिकाणी एकच नाव, एकच स्पेलिंग राहील असे पाहावे. नाव बदललेले असेल तर राजपत्रातल्या प्रसिद्धीची किंवा विवाह नोंदणीची प्रत जवळ असू द्यावी.

आणि ज्या संस्थेत प्रवेश घेता, तिला दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवीची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत पाहून घ्यावे, तेही त्या वर्षाचे आणि त्याच विषयाचे. मान्यता असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मान्यता नसेल तर पुढची सगळी बेरीज व्यर्थ.

त्या बाईंना मी एवढेच सुचवले, की पुढच्या सत्रात आधी अर्ज करा, मग अभ्यास. अर्जात स्वयम्‌वरच्या अभ्यासक्रमाचे नाव, त्याचा स्तर, श्रेयांक, शिकवणारी संस्था आणि आपल्या कोणत्या पेपरऐवजी तो हवा, हे लिहा. सोबत त्याचा पाठ्यक्रम छापून जोडा. पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक घाला. लेखी परवानगी मिळाल्याशिवाय परीक्षेचे शुल्क भरू नका. स्वयम्‌चा निकाल कधी कधी विद्यापीठाच्या निकालानंतर लागतो, त्यामुळे गुणपत्रिकेवर तो पेपर काही दिवस रिकामा दिसेल, त्याने घाबरू नका, हेही सांगितले.

आवक क्रमांकाचे नाव काढताच त्या हसल्या. "ते काम तर मी रोजच करते," म्हणाल्या. त्यांनी दोन पेपरांसाठी अर्ज केला. सिद्धान्ताच्या पेपरला परवानगी आली, दुसऱ्याला आली नाही. परीक्षेचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी होते, पहिल्या एसटीने गेल्या आणि रात्री परतल्या. पुढे काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. खात्यात चार श्रेयांक दिसत होते, पण माहेरच्या आडनावाने.