तिकिटाचा दर आणि मजुरीचा दिवस

२२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या ब्रिटिश गायकवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली, आणि विक्रीचा मक्ता असलेल्या बुकमायशोचा सारा कारभार गर्दीच्या भाराखाली काही काळ कोलमडून पडल्यानंतर असे दिसून आले की, लक्षावधी इच्छुकांपैकी फारच थोड्यांच्या पदरी तिकीट पडले आहे. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणाऱ्या या कार्यक्रमांचे अधिकृत दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. परंतु विक्री आटोपते न आटोपते तोच पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर त्याच तिकिटांची किंमत लाखांच्या घरात जाऊन पोहोचली. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी आरंभली, सक्तवसुली संचालनालयाने निरनिराळ्या शहरांत झडत्या घेतल्या, आणि वृत्तपत्रांतून काळाबाजाराविषयी पुष्कळ लिहून आले. काळाबाजार निंद्य आहे यात वाद नाही. तथापि या साऱ्या गदारोळात त्याहून मूलगामी असा एक प्रश्न मागे राहिला, तो म्हणजे मूळ दर तरी न्याय्य होता काय, आणि ज्या देशात बहुसंख्य लोकांचे उत्पन्न तुटपुंजे आहे तेथे न्याय्य दर ठरवावा तरी कोणत्या मापाने?

या गायकवृंदाच्या बाजूने एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. आपल्या जगभरच्या दौऱ्यात प्रत्येक ठिकाणी थोडी तिकिटे सुमारे २० युरोंना विकावयाची, ती एका व्यक्तीस दोनांहून अधिक द्यावयाची नाहीत, आणि जागा कोठे मिळणार हेही आगाऊ सांगावयाचे नाही, अशी तजवीज त्यांनी केली होती; मुंबईत या तिकिटाचा दर २,००० रुपये होता. या योजनेमागील सद्भावना मला मान्य आहे. परंतु २० युरो ही रक्कम सर्वत्र सारखी असली, तरी ती मिळविण्यास लागणारे श्रम सर्वत्र सारखे नसतात. २०२४ साली जर्मनीतील कायदेशीर किमान वेतन तासाला १२.४१ युरो होते. म्हणजे तेथील अगदी तळाच्या कामगारालाही हे तिकीट दोन तासांहून कमी कामात मिळत असे. आपल्याकडे केंद्र सरकारने ठरविलेले राष्ट्रीय तळवेतन त्या साली दिवसाला १७८ रुपये होते, आणि त्या हिशेबाने तेच तिकीट अकरा दिवसांच्या मजुरीचे होते. मुंबईतील प्रत्यक्ष मजुरी याहून बरीच अधिक आहे हे खरे. पण ती अडीचपट धरली तरी चार दिवसांहून अधिक राबल्याखेरीज हे सर्वांत स्वस्त तिकीट हाती येत नाही, आणि त्यात प्रवासाचा, खाण्याचा व बुडालेल्या रोजाचा हिशेब अद्याप धरलेलाच नाही. विनिमयाच्या दराने काढलेली समता ही अशी कागदावरची समता असते.

येथे कोणी विचारील की, परदेशी वस्तूचा दर परदेशी चलनाप्रमाणे असावा यात नवल ते काय? नवल असे की, याच गायकांच्या ध्वनिमुद्रणांना हा नियम लागू होत नाही. २०१९ साली स्पॉटिफाय ही सेवा भारतात आली तेव्हा तिचे मासिक शुल्क ११९ रुपये होते, आणि त्या वेळी अमेरिकेत त्याच सेवेला ९.९९ डॉलर, म्हणजे सुमारे ७०० रुपये पडत. परदेशी प्रकाशकांच्या पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मूळ किमतीच्या कितीतरी खाली विकल्या जातात, हे आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. मग तेच गाणे मुद्रित रूपात आपल्या ऐपतीप्रमाणे मिळावे आणि सजीव रूपात मात्र लंडनच्या ऐपतीप्रमाणे, असे का व्हावे? याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुद्रणाची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून ती स्वस्त विकूनही धनी तोट्यात जात नाही. परंतु गायकाची संध्याकाळ एकच असते, आणि ती मुंबईस दिली की लंडनची बुडाली. शिवाय कलावंतांचे मानधन, विमानाने येणारी यंत्रसामग्री, दिव्यांचे व ध्वनीचे साहित्य, तंत्रज्ञांचे पगार, विमा या सर्वांची देणी बहुधा डॉलरमध्येच चुकवावी लागतात. रुपयात होतो तो स्थानिक मजुरांचा, जागेच्या भाड्याचा आणि बंदोबस्ताचा खर्च. त्यातच आपली मैदाने क्रिकेटसाठी बांधलेली असल्यामुळे रंगमंचाची उभारणी मुळापासून करावी लागते. तेव्हा आयोजक केवळ लोभाने दर चढवितो असे म्हणणे अन्यायाचे होईल.

दर चढा असण्यापेक्षाही मोठी आपत्ती अशी की, पुष्कळ देशांत कार्यक्रम मुळी येतच नाही. मार्च २०२४ मध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेने सिंगापुरात सहा कार्यक्रम केले, आणि आग्नेय आशियात अन्यत्र एकही केला नाही. सिंगापूर सरकारने त्यासाठी अनुदान दिल्याचे मान्य केले, आणि थायलंडचे तत्कालीन पंतप्रधान व फिलिपीन्सचे एक लोकप्रतिनिधी यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. मनिला महानगरातील किमान वेतन त्या वेळी दिवसाला ६१० पेसो होते. तेथील श्रोत्याला तिकिटाच्या जोडीस विमानाचे भाडे आणि सिंगापुरातील महागड्या मुक्कामाचा खर्च सोसावा लागला. श्रीमंत शेजाऱ्याने तिजोरी उघडली की गरीब शेजाऱ्याच्या अंगणातील गाणे दूर जाते, असा हा प्रकार.

अर्थशास्त्रज्ञांचा एक आक्षेप येथे विचारात घेतलाच पाहिजे. मागणी अफाट आणि जागा मोजक्या असताना दर कमी ठेवला, तर मधला नफा श्रोत्यास न मिळता दलालास मिळतो, असे ते म्हणतात, आणि नवी मुंबईच्या अनुभवाने त्यांच्या म्हणण्यास पुष्टीच मिळाली. परंतु या आक्षेपातून दर वाढवावा असाच निष्कर्ष निघतो, हे मला मान्य नाही. तिकीट नावावर द्यावे, सोडत काढावी, परत करावयाचे झाल्यास ते मूळ किमतीलाच घेतले जावे, असे मार्ग मोकळे आहेत. आयर्लंडने २०२१ साली कायदा करून मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांची छापील किमतीहून अधिक दराने पुनर्विक्री करण्यास मनाई केली. आपल्याकडे अशाच मागणीची जनहित याचिका जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढली, ती हा प्रश्न कायदे करणाऱ्यांचा आहे असे सांगून.

कायद्याने काय साधता येते हे ब्राझीलकडे पाहिले म्हणजे कळते. त्या देशात २०१३ च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी, अपंग व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील १५ ते २९ वयाचे तरुण यांना संगीत, नाटक, चित्रपट व क्रीडा यांच्या कार्यक्रमांना अर्ध्या दरात प्रवेश मिळतो, आणि एकूण तिकिटांपैकी ४० टक्के तिकिटे या सवलतीसाठी राखून ठेवावी लागतात. साठी उलटलेल्यांना अशी सवलत त्याआधीपासूनच आहे. यात दोष नाही असे नव्हे. सवलत दिल्यामुळे आलेली तूट भरून काढण्यासाठी आयोजक पूर्ण तिकिटाचा दर वाढवितात, अशी तक्रार तेथे जुनी आहे, आणि चाळीस टक्क्यांची मर्यादा घालण्यामागे हेच कारण होते. तरीही ऐपतदार श्रोत्याने थोडे अधिक द्यावे आणि त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्यास आत बसता यावे, यात मला अन्याय दिसत नाही. त्याच देशातील रिओ शहराने, राज्य सरकार व प्रायोजक यांच्या साहाय्याने, ४ मे २०२४ रोजी कोपाकबानाच्या समुद्रकिनाऱ्यावर मॅडोनाचा कार्यक्रम संपूर्ण विनामूल्य घडवून आणला, आणि सुमारे सोळा लाख लोक तेथे जमल्याचा अंदाज वर्तविण्यात आला.

सरकारचा प्रश्न निघाला की महाराष्ट्राला आपला स्वतःचा एक जुना दाखला आठवावा लागतो. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, आणि राज्य सरकारने त्यावरील तीन कोटी रुपयांहून अधिक करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्यास उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०११ साली न्यायालयाने तो निर्णय फेरविचारासाठी सरकारकडे परत पाठविला. आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा माफीच मंजूर केली. या प्रकरणात माफी योग्य की अयोग्य यावर पुष्कळ खल झाला, पण त्या माफीच्या बदल्यात सामान्य श्रोत्याच्या पदरात काय पडावे, हे ठरविण्याची आवश्यकता सरकारदरबारी कोणास वाटल्याचे दिसत नाही. वस्तुतः सार्वजनिक महसुलाचा त्याग करावयाचा तर तो सार्वजनिक लाभासाठीच केला पाहिजे. आजच्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत हे तत्त्व अगदी अल्प प्रमाणात का होईना मान्य झाले आहे, कारण ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत-नाटकाच्या तिकिटावर हा कर लागत नाही.

अशी स्वस्त मैफल चालविता येते, हे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाने सिद्ध केले आहे. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ आरंभिलेल्या या महोत्सवात खुर्च्यांचे दर वेगळे ठेवून भारतीय बैठकीचा दर सामान्य रसिकाच्या आवाक्यात राखण्याचा प्रघात चालत आला आहे. परदेशी दौऱ्याचा डॉलरमधील खर्च तेथे नाही, म्हणून ती तुलना सर्वस्वी लागू पडत नाही हे उघड आहे; परंतु एकाच मंडपात ऐपतीप्रमाणे निरनिराळे दर आणि सर्वांना तेच गाणे, ही व्यवस्था मात्र जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे.

येत्या काळात मोठे परदेशी कार्यक्रम आपल्याकडे वाढत्या संख्येने येतील, आणि त्यांच्यासाठी मैदाने, पोलिसांचा बंदोबस्त, रात्रीच्या जादा आगगाड्या, करातील सूट यांची दरखास्त सरकारकडे दर वेळी येईल. अशा दरखास्तीस मंजुरी देताना दहा तिकिटांपैकी निदान एक तिकीट पाचशे रुपयांच्या आत, नावनिशी आणि सोडतीने देण्याची अट घातली जावी, अशी मागणी वाचकांनी आपापल्या आमदारांकडे करावी.