टर्बोची ताकद 'फुस्स'मध्ये नसते
रस्त्यावर शर्यती लावणारी मुलं गिअर बदलताना येणाऱ्या 'फुस्स' आवाजाची फुशारकी मारतात. तो आवाज उरलेली दाबाची हवा सोडणाऱ्या झडपेचा. त्यातून ताकद मिळत नाही. टर्बोची खरी करामत वेगळीच, आणि फार देखणी आहे. बाहेर निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं, म्हणून इंधनही जास्त जाळता येतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं.

टर्बोच्या हवेच्या दाबाचा आकडा म्हणजे अश्वशक्ती, हा समज तर घातकच. छोट्या टर्बोतून अति दाब काढला की हवा भयंकर तापते, पेट्रोल आपोआप पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो.