तोफेच्या किमतींतील दस्तुरी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा मोटारींचा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, पुढें मोटारींचे व दुचाक्यांचे कारखाने आले, आणि भोसरीच्या गाळ्यांतून एकदोन लेथ मांडून बसलेल्या लहान लहान कारखानदारांचें पोट या मोठ्या कारखान्यांच्या कामावर चालूं लागलें. अलीकडे पुण्याच्या आसमंतांत आणखी एक धंदा मूळ धरीत आहे, तो तोफांचा. २६ मार्च २०२५ रोजीं संरक्षण खात्यानें ३०७ तोफा व त्या ओढणारीं वाहनें यांच्या खरेदीचे सुमारें ६,९०० कोटि रुपयांचे करार केले. या तोफेचा आराखडा पुण्यांतील पाषाण येथील सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेचा आहे. आणि ती घडविणाऱ्या दोन कंपन्यांपैकीं एक, भारत फोर्ज, ही मुंढव्याची आहे. तिकडे तळेगांवास लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यांत पिनाक अग्निबाणांचे प्रक्षेपक तयार होतात.

पुणें प्रांतास हा धंदा अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे होती, आणि थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत जुन्नर प्रांतीं आंबेगव्हाण येथें तोफगोळ्यांचा कारखाना चालूं होता. इंग्रजी अमलांत खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना निघाला. परंतु त्या व्यवस्थेंत माल करणारें सरकार व माल घेणारेंहि सरकार, असा प्रकार होता. आतां करणारा व्यापारी असून घेणारें सरकार आहे. आणि ज्या रकमेचा उच्चार हजारों कोटींत होतो, तिच्याभोंवतीं मधल्या माणसांची गर्दी होणें स्वाभाविक आहे. असा पैसा कोणत्या वाटेनें शिरतो हें समजून घ्यावयाचें असेल, तर बोफोर्सचें प्रकरण पुन्हां एकदां शांतपणें पाहिलें पाहिजे. त्यावर आजवर ओरड पुष्कळ झाली, पण हिशेब मात्र फार थोड्यांनीं वाचला.

बोफोर्स हा स्वीडनमधील कार्लस्कोगा गांवचा तोफांचा कारखाना. १८९४ सालीं तो आल्फ्रेड नोबेलनें विकत घेतला होता. ज्याच्या नांवें शांततेचें पारितोषिक दिलें जातें, त्यानेंच तोफांच्या कारखान्यास भांडवल पुरवावें, ही इतिहासाची एक थट्टाच म्हणावयाची! या कारखान्याशीं २४ मार्च १९८६ रोजीं हिंदुस्थान सरकारनें १५५ मिलिमीटर व्यासाच्या ४१० तोफांचा करार केला. किंमत सुमारें १,४३७ कोटि रुपये. आरंभीं सैन्याधिकाऱ्यांचा कल सोफ्मा नांवाच्या फ्रेंच तोफेकडे होता. फेब्रुवारी १९८६ मध्यें बोफोर्सला पहिला क्रम मिळाला. सरकारनें या व्यवहारांत मध्यस्थ नको अशी अट आधींच घातली होती. दलालीचा पैसा वांचेल, तेवढी किंमत उतरवा, असा तिचा सरळ अर्थ होता. वर्षभरानें, १६ एप्रिल १९८७ रोजीं, स्वीडनच्या नभोवाणीनें बातमी दिली कीं, हें कंत्राट मिळविण्यासाठीं बोफोर्सनें गुप्तपणें पैसे चारले आहेत. दिल्लींतील एक सरकार पुढें ज्या वादळांत सांपडलें, त्याची सुरुवात अशी आकाशवाणीच्या लहरींवरून झाली.

येथें एक साधें त्रैराशिक मांडण्याजोगें आहे. ब्रिटनमध्यें नोंदलेल्या ए. ई. सर्व्हिसेस नांवाच्या कंपनीशीं बोफोर्सनें १५ नोव्हेंबर १९८५ रोजीं एक करार केला. कंत्राट ३१ मार्च १९८६ पूर्वीं मिळालें, तर किमतीवर शेंकडा तीन दस्तुरी द्यावयाची, असें त्यांत ठरलें होतें. मुख्य करारावर सह्या झाल्या त्या मुदतीपूर्वीं अवघे सात दिवस. कराराची रक्कम स्वीडनच्या चलनांत सुमारें ८४१ कोटि क्रोनर होती, आणि तिचा पांचवा हिस्सा, म्हणजे सुमारें १६८ कोटि क्रोनर, हिंदुस्थान सरकारनें अगाऊ दिला. त्यावर शेंकडा तीन म्हणजे सुमारें ५ कोटि ५ लाख क्रोनर. सप्टेंबर १९८६ मध्यें ए. ई. सर्व्हिसेसच्या स्वित्झर्लंडमधील खात्यांत जमा झालेली रक्कम नेमकी एवढीच होती. डॉलरांत ती सुमारें ७३ लाख भरते.

आतां बोफोर्सचा खुलासा असा होता कीं, हिंदुस्थान सरकारच्या इच्छेस मान देऊन आम्हीं जुन्या अडत्यांचे करार मोडले आणि त्यांना नुकसानभरपाई दिली. ती दलाली नव्हे. हा खुलासा वरच्या हिशेबापुढें टिकत नाहीं. मोडलेल्या कराराची भरपाई एका ठोक रकमेनें होते. ती खरेदीदाराच्या हप्त्याशीं शेंकड्याच्या मापानें जुळत नाहीं. शिवाय ए. ई. सर्व्हिसेसचा करार जुना नव्हता, मध्यस्थ नको असें सांगितल्यानंतरचा तो होता. स्वीडनच्या सरकारी हिशेबतपासनिसांनीं जून १९८७ मध्यें दलाली दिली गेल्याचें नमूद केलें. एकंदर रक्कम सुमारें ६४ कोटि रुपये सांगितली जाते. ती बोफोर्सनें आपल्या नफ्यांतून दिली असें घटकाभर मानलें, तरी विक्रेत्याला ६४ कोटि सोडून देणें परवडत होतें एवढें सिद्ध होतेंच. आणि मग ते खरेदीदाराला कां सोडले नाहींत, हा प्रश्न उरतो.

पुढील हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. संसदेच्या संयुक्त समितीनें १९८८ सालीं मध्यस्थाचा पुरावा नाहीं असा निर्वाळा दिला. दुसऱ्या वर्षीं महालेखापालांच्या अहवालानें खरेदीच्या पद्धतीवर ठपका ठेवला. विरोधी पक्षांच्या सभासदांनीं लोकसभेचे राजीनामे दिले, आणि १९८९ च्या निवडणुकींत राजीव गांधींचें सरकार गेलें. त्यानंतर आलेल्या मंत्रिमंडळांत अर्थखातें प्रा. मधु दंडवते यांच्याकडे होतें. २२ जानेवारी १९९० रोजीं केंद्रीय अन्वेषण खात्यानें गुन्हा नोंदविला. पण दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ४ फेब्रुवारी २००४ रोजीं राजीव गांधींसह सरकारी माणसांवरील लांचखोरीचा आरोप काढून टाकला, आणि ३१ मे २००५ रोजीं उरलेल्या आरोपींपैकीं हिंदुजा बंधूंनाहि मोकळें केलें. ज्यांच्यापर्यंत ए. ई. सर्व्हिसेसच्या पैशाचा माग जातो असें तपासखात्याचें म्हणणें होतें, ते इटालियन व्यापारी ओत्ताव्हिओ क्वात्रोक्की यांच्यावरील खटला २०११ सालीं मागें घेतला गेला. ६४ कोटींच्या शोधासाठीं सुमारें २५० कोटि रुपये खर्च झाल्याचा उल्लेख त्या वेळीं न्यायालयांत झाला. तत्पूर्वीं, २०१० च्या अखेरच्या दिवशीं, आयकराच्या अपील न्यायाधिकरणानें मात्र क्वात्रोक्की व विन चढ्ढा यांना सुमारें ४१ कोटि रुपये दलाली मिळाल्याचें म्हटलें होतें व तिजवर कर लागू होतो असा निर्णय दिला होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें २००५ च्या निकालावरील अपील अतिविलंबाच्या कारणास्तव फेटाळलें. म्हणजे दलाली दिल्याचे कागद आहेत, पण ती घेऊन सरकारी निर्णय कोणी फिरविला हें शाबीत झालेलें नाहीं. ज्याला या प्रकरणीं न्यायानें बोलावयाचें आहे, त्यानें हीं दोन्ही वाक्यें एकत्र उच्चारलीं पाहिजेत. एकच उच्चारणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ आहेत.

१९९९ सालीं कारगिलच्या डोंगरांत याच तोफांनीं शत्रूचीं ठाणीं फोडलीं. तेव्हांपासून एक युक्तिवाद ऐकूं येतो: तोफ उत्तम निघाली ना? मग कोणी चार पैसे खाल्ले, तर बिघडलें काय? वरवर पाहतां हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो. परंतु बिघडलें तें तोफेंत नव्हे, पुढच्या खरेदींत. ज्या अधिकाऱ्याच्या सहीनें मोठें कंत्राट व्हावयाचें, त्याला बोफोर्सनंतर सही न करणें हेंच सुरक्षित वाटूं लागलें. दक्षिण आफ्रिकेची डेनेल कंपनी २००५ सालीं संशयावरून बाजूस सारली गेली. २००९ सालीं सरकारी शस्त्रकारखान्यांच्या मंडळाच्या माजी प्रमुखास लांचखोरीच्या आरोपावरून अटक झाली, आणि त्या प्रकरणांत नांवें आलेल्या सहा कंपन्यांना मार्च २०१२ मध्यें दहा वर्षांची बंदी घालण्यांत आली. त्यांत सिंगापूर, इस्रायल, स्वित्झर्लंड व रशिया येथील शस्त्रव्यापारी होते. एकेका बंदीबरोबर चाललेल्या चाचण्या थांबत व पुन्हां पहिल्यापासून सुरू होत. बोफोर्सनंतर नवी मोठी तोफ परदेशांतून घेण्याचा करार झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्यें, अमेरिकेशीं, १४५ तोफांचा. मधलीं तीस वर्षें अशीं गेलीं.

याहून चमत्कारिक गोष्ट निराळीच आहे. १९८६ च्या करारांत तोफेचे आराखडेहि मिळाले होते. ते कपाटांत पडून राहिले. कलंकित तोफ पुन्हां घडविण्याचें धाडस कोण करणार? अखेर त्याच आराखड्यांच्या आधारें जबलपूरच्या सरकारी कारखान्यानें लांब नळीची ‘धनुष’ तोफ तयार केली, आणि पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हवालीं झाल्या त्या एप्रिल २०१९ मध्यें. एका पिढीचें कारखानदारी ज्ञान दस्तुरीच्या भीतीनें कुलुपांत राहिलें, हें ६४ कोटींहून मोठें नुकसान होय.

याच ‘धनुष’च्या बाबतींत घडलेला एक प्रकार भोसरी-चाकणकडील लहान कारखानदारांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. जुलै २०१७ मध्यें केंद्रीय अन्वेषण खात्यानें दिल्लींतील एका पुरवठादारावर गुन्हा नोंदविला. तोफेसाठीं सहा बेअरिंगें पुरवावयाचीं होतीं. किंमत सुमारें ५३ लाख रुपये. बेअरिंगांवर जर्मन बनावटीचा ठसा होता, प्रमाणपत्रेंहि तशींच होतीं; आरोप असा कीं, माल चिनी होता व ठसा बनावट होता. येथें स्वित्झर्लंडमधील गुप्त खातें नाहीं, मंत्री नाहीं, दलाल नाहीं. एक वस्तु, एक ठसा आणि एक कागद. आरोप खरा असेल तर यांत झालेली अप्रामाणिकता बोफोर्सच्या तुलनेनें चिमूटभर, पण एका अर्थीं अधिक भयंकर. कारण दलालीनें तोफेचें पोलाद बिघडत नाहीं, खोट्या प्रमाणपत्रानें बिघडतें.

तोफेच्या नळींत बार उडतांना जो दाब उत्पन्न होतो, तो हवेच्या दाबाच्या हजारों पट असतो. तो दाब सोसणारें पोलाद डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. यासाठीं भट्टींतून निघणाऱ्या प्रत्येक रसाला एक क्रमांक देतात. कारखान्यांत त्याला हीट नंबर म्हणतात. त्या रसाच्या सळया, त्या सळयांचे तुकडे, तुकड्यांचे घडविलेले जॉब, या सर्वांबरोबर तो क्रमांक व त्याचें टेस्ट सर्टिफिकेट चालत गेलें पाहिजे. मधल्या एका गाळ्यांत सळई कमी पडली, मालकानें बाजारांतून तशीच दिसणारी दुसरी आणली, आणि जुन्या क्रमांकाचा ठसा तिच्यावर मारला, तर सांखळी तुटली. आणि ती तुटल्याचें कोणास कळतहि नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें पोखरणच्या माळावर पाषाणच्या आराखड्याच्या तोफेची चाचणी चालूं असतां नळी फुटून चार माणसें जखमी झालीं. असा अपघात झाला म्हणजे तपासणारे प्रथम हे कागद मागतात. कागद खरे असतील, तर दोष आराखड्यांत आहे कीं दारूगोळ्यांत, हें शोधतां येतें. कागदच खोटे असतील, तर शोधाला आरंभच करतां येत नाहीं.

सरकारनें उपाय केले नाहींत असें नाहीं. २००६ च्या खरेदीनियमावलीपासून १०० कोटींवरील करारांस सचोटीचा एक वेगळा करारनामा जोडण्यांत येऊं लागला. लांच दिली-घेतली नाहीं असें विक्रेता व सरकार उभयतां लिहून देतात, आणि तें खोटें ठरल्यास करार मोडतां येतो. हा करारनामा केवळ शोभेचा नाहीं. जानेवारी २०१४ मध्यें इटलीच्या कंपनीशीं झालेला हेलिकॉप्टरांचा करार याच कारणावरून रद्द झाला. परंतु त्याची नजर वरच्या टोंकावर असते. मुंढव्याच्या किंवा तळेगांवच्या मोठ्या फाटकाबाहेर निघून काम भोसरीच्या गाळ्यांत गेलें, कीं तेथें त्याच्याबरोबर पोहोंचतात ते फक्त नकाशा, दर आणि मुदत. लहान कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांच्या आंत द्यावे असा २००६ चा कायदा आहे. तो मोडून तीन-तीन महिने बिल अडकवून ठेवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकानें सचोटीवर व्याख्यान देऊं नये. कामगारांचा पगार व पोलादाची उधारी एकाच आठवड्यांत अंगावर आली, म्हणजे दुसऱ्या सळईवर जुना ठसा मारण्याचा मोह कोणास होतो, हें सांगावयास नको.

बोफोर्सच्या तोफा पस्तीस वर्षांहून अधिक काळ सैन्यांत राहिल्या. पाषाणच्या आराखड्याची तोफहि तितकीच वर्षें चालेल असें धरलें, तर यंदा चाकणच्या एखाद्या शेडमध्यें कातलेल्या भागाचें सर्टिफिकेट २०६० सालीं कोणी तरी काढून वाचील. त्या वेळीं तो भाग करणारा लेथवाला हयात नसेल, त्याचा गाळाहि कदाचित् विकला गेलेला असेल; फाइलींतला क्रमांक व पोलादावरचा क्रमांक मात्र शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले जातील.