बागेतली वीट आणि भट्टीवरची वही

बंगल्याच्या बागेचं काम मिळालं की झाडांची यादी हौसेने होते. चाफा, कामिनी, मधुमालती, मागच्या दाराशी कढीपत्ता. बंगल्याचे मालक रोपवाटिकेत येऊन एकेक रोप निवडतात. विटा बघायला मात्र कुणी येत नाही. वाफ्यांच्या कडेला हजार-दीड हजार विटा लागतात, फोनवर भाव ठरतो, ट्रक येऊन रिकामा होतो. मीही बरीच वर्षं असंच करत होतो.

एकदा पाऊस तोंडावर आला तरी विटा येईनात, म्हणून रायगडातल्या भट्टीवरच जाऊन धडकलो. बाजाराचा दिवस होता. शेठ वही उघडून आठवड्याची खर्ची वाटत होते. एका कातकरी जोडप्याच्या पानावर सगळ्यात वर गौरी-गणपतीत घेतलेला बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याखाली खर्ची, खर्ची, दवाखाना, पुन्हा खर्ची. उजवीकडे थापलेल्या विटांचे हजार. मजुरी दोघांची मिळून, जोडीची. पलीकडे त्यांची आठ-नऊ वर्षांची पोर ओल्या विटा उन्हात उभ्या करत होती. तिचं नाव वहीत कुठेच नव्हतं.

"फिटतो का बयाणा?" मी सहज विचारलं.

शेठ हसले. "फिटला तर पुढच्या वर्षी येतील का?"

भट्टीवरची ही गोष्ट सांगितली की लोक ठरलेली वाक्यं ऐकवतात.

"गुलामगिरी म्हणजे साखळदंड. ती केव्हाच गेली."

कायद्याने गेली, हे खरं. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी आहे, १९७६ पासून स्वतंत्र कायदाही आहे. त्याआधी जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेणारा आदिवासी पुढे नवरा-बायको दोघांच्या अंगमेहनतीने ते फेडत राही. त्याला लग्नगडीच म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते याच वेठीविरुद्ध.

आज कोंडून ठेवायची गरज पडत नाही, वही पुरते. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचा दुसरीकडे काम धरायचा हक्क गेला, हवं तिथे जाण्यायेण्याची मोकळीक गेली, आपली मेहनत बाजारभावाने विकता येईना किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागलं, तर ती वेठबिगारी ठरवायला यातली एक गोष्टही कायद्याला पुरते. बापाचं कर्ज पोराने फेडायचं, हेही त्यातच आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांचा २०२१ चा अंदाज सांगतो की जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकलेली आहेत.

"आपल्या मर्जीने आलेत. अंगठासुद्धा दिलाय."

हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच निकालात काढला. प्रकरण दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांचं होतं. न्यायालय म्हणालं, सक्ती केवळ दंडुक्याची नसते. उपासमारीपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत काम पत्करावं लागणं हीही सक्तीच. १९७६ च्या कायद्यात आणखी एक खुबी आहे, ती फार कमी जणांना ठाऊक असते. मजुराने हे कर्ज वेठीचं आहे असं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. अंगठा त्याला वाचवत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार १९७६ चे. तेव्हा ते पुष्कळ वाटत असावेत.

"म्हणजे अडीअडचणीला उचलही द्यायची नाही?"

द्यावी की. आगाऊ पैसे देणं हा गुन्हा नाही. माझ्या माळ्यांपैकी कुणाला पोरांच्या वह्या-पुस्तकांसाठी पैसे लागले तर मी देतो. फक्त रक्कम आणि दर महिन्याची कपात कागदावर असते, एक प्रत त्याच्याकडे राहते, आणि उद्या तो दुसरीकडे गेला तर त्याची वाट मी अडवत नाही. पैसे बुडतील? एखाद्या वेळी बुडतातही.

"आपण पावती घेऊन माल घेतो. मागचं मागच्यांनी बघावं."

इथे जरा लांब जाऊ, ब्रिटनपर्यंत. तिकडच्या बागांमधल्या फरशा पुष्कळदा राजस्थानातल्या वालुकाश्माच्या असतात. बुंदी जिल्ह्यातलं बुधपुरा आणि शेजारचं भिलवाड्यातलं बिजोलिया हा त्या दगडाचा पट्टा. बायका आणि मुलं तिथे छिन्नी-हातोडीने दगडाचे चौकोनी ठोकळे घडवताना अनेकांनी पाहिली आहेत. खाणीतल्या धुळीने सिलिकोसिस होतो, त्यावर इलाज नाही. माणूस जातो, पण उचल घरातच राहते. हेच ते बिजोलिया, जिथल्या शेतकऱ्यांनी लागबाग म्हणजे जहागीरदाराचे कर आणि बेगारी यांविरुद्ध १८९७ पासून दशकानुदशकं लढा दिला.

ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन द्यावं लागतं, की आमच्या पुरवठ्यात गुलामगिरी नसावी म्हणून आम्ही अमुक केलं. "आम्ही काहीच केलं नाही" असं निवेदनही त्या कायद्यात बसतं! कागद भरण्याला प्रतिबंध समजण्याची चूक फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

आणि माझी पावती? तिच्यावर विटांची संख्या आहे, गाडीचा नंबर आहे. ज्यांनी त्या थापल्या त्यांची मजुरी हाती पडली की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

"कळलं ना, मग त्या भट्टीचा माल आजच बंद."

पहिला राग असाच येतो, मलाही आला होता. पण ऑर्डर तुटली की त्याचा फटका आधी भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, राहणाऱ्या कुटुंबालाच बसतो, आणि शेठशी भांडण काढलं तर एका रात्रीत मजूर दुसरीकडे हलवले जाऊ शकतात. वेठीची शंका पक्की असेल तर गाजावाजा न करता जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे जावं; जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या याचसाठी आहेत. मुलं कामावर दिसली तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा. सुटकेचा सरकारी दाखला मिळेल हे पाहावं, कारण पुनर्वसनाची मदत त्यावर अडते. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत ती प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख रुपये आहे. कातकऱ्यांमध्ये आणि भट्ट्यांवर श्रमजीवी संघटनेचं काम जुनं आहे. संघटनेच्या विद्युल्लता पंडित यांनी मजुरांच्या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या.

आणि त्याआधी स्वतःची वही उघडावी. मी विटांचे पैसे ग्राहकाचं बिल निघाल्यावर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी देत होतो आणि हजारामागे दोनशे रुपयांसाठी घासाघीस करत होतो. शेठ म्हणालेच, "तुमचे पैसे दिवाळीत. यांना आठवड्याला कुठून देऊ?" बहाणा होता, पण पूर्ण खोटा नव्हता. आता माल उतरला की आठवड्यात पैसे देतो. अट एवढीच, की वहीच्या पानाची प्रत मजुराकडेही असेल, नवरा-बायकोची मजुरी वेगवेगळी लिहिली जाईल आणि पोरं विटांना हात लावणार नाहीत. दोन शेठांनी मला वाटेला लावलं. तिसऱ्याने ऐकलं.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाने कोटेशनवर बोट ठेवलं, "विटेला रुपया जास्त का?" म्हटलं, भट्टीवर येता का, दाखवतो. बाजाराच्या दिवशी जायचं ठरलंय.