एबीएस आहे, पण पॅड?

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचं झालं. तेव्हापासून नागपुरात एक समज हळूहळू पक्का होत गेलाय, की अशा गाडीच्या ब्रेकला कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने हात लावू नये. मग सर्व्हिसिंगची तारीख येईपर्यंत झिजलेले पुढचे पॅड तसेच चालतात. हे उलटं आहे. एबीएस गाडी थांबवत नाही. चाक जाम होऊ लागलं की कॅलिपरकडे जाणारा दाब क्षणभर सोडतं आणि पुन्हा देतं, एवढंच. थांबवतात ते पॅड. पॅडवरची खाच बुजली, पत्रा डिस्कला घासू लागला, की एबीएसला सांभाळायला घर्षणच उरत नाही. वर डिस्कही खरवडली जाते, आणि ती पॅडपेक्षा कितीतरी महाग. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, पण ती वाचतो कोण!

जाणकारांचा आक्षेप असतो, की नवे जाड पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला की जुनं ब्रेक ऑइल एबीएसच्या युनिटमध्ये शिरतं. शिरतं खरं, पण एरवी तिथली वाट उघडीच असते, तेल साध्या ब्रेकसारखंच वरच्या टाकीत परततं. धोका आहे तो कचऱ्याचा. म्हणून बाहेर आलेला पिस्टन आधी ब्रेक क्लीनरने पुसायचा, मगच ढकलायचा. तेल चहासारखं काळपट असेल, तर ब्लीडिंग निपल उघडून ते ढकलतानाच बाहेर काढायचं आणि पिस्टन थांबण्याआधी निपल कसायचं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. टाकी भरलेली असेल तर आधी थोडं काढून घ्यावं, नाहीतर सांडून रंग खातं. युनिटमध्ये हवा गेली तर मात्र सर्व्हिस सेंटरच गाठावं, तिथे मिस्त्रीची फुशारकी नको. पण पॅड बदलताना पाइप सोडायचाच नसतो, तेव्हा तो प्रसंग सहसा येत नाही. सेन्सरच्या खाचा असलेल्या रिंगला पान्याचा धक्का लागू नये, एवढं पाहावं.

नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर पहिला पाऊस पडायच्या आत हे काम उरकून घ्या. आणि नवे पॅड बसवले की गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला तो रिकामाच जातो.