आपल्या वस्तीचं मत – भाग 6 : शिट्टी, कमळ आणि तोच मतदार

मतदानाच्या दिवशी नालासोपारा पूर्वेला आचोळ्याकडे चक्कर मारली की केंद्रापासून थोड्या अंतरावर पक्षांची टेबलं दिसतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, यादीचे गठ्ठे, बाजूला वडापावचा पुडा. मतदार येतो, आडनाव सांगतो, चिठ्ठी घेतो आणि रांगेकडे वळतो. जिथे गर्दी कमी, जिथला पोरगा ओळखीचा, त्या टेबलावरून चिठ्ठी घ्यायची हा इथला रिवाज. आत गेल्यावर बोट कुठे पडतं, ते चिठ्ठी देणाऱ्याला कळत नाही. तरी संध्याकाळी तोच छातीठोकपणे सांगतो, ‘‘ही चाळ आपली.’’

ही चाळ नक्की कोणाची, हा आजचा विषय.

मागच्या भागात आपण फॉर्म 20 पाहिला. मतमोजणीनंतर प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली, याचा तो तक्ता. वसई-विरारचा तक्ता वाचताना एक खबरदारी घ्यायला हवी. एकाच निवडणुकीचा तक्ता हातात घेतलात तर हमखास फसाल.

2009 सालापासून सुरुवात करू. त्या वर्षी 3 जुलैला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून महापालिका झाली. पश्चिमेच्या बागायती पट्ट्यात त्यावरून रान पेटलं. ‘गावं वगळा’ म्हणत लोक रस्त्यावर उतरले. त्या पट्ट्यात वाडवळ आहेत, कुपारी ख्रिस्ती आहेत, आगरी, कोळी आहेत; एरवी यांची मतं एका माळेत ओवणं कठीण. पण विहीर, वाडी आणि घरपट्टी या तीन शब्दांवर सगळे एक झाले. ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून निवडून आले आणि हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीच्या उमेदवाराला घरी बसावं लागलं. त्याच दिवशी शेजारच्या नालासोपाऱ्यात आघाडीचेच क्षितिज ठाकूर जिंकले. पुढच्याच वर्षी महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तीत बहुमत आघाडीला मिळालं. 2015 ला तर 115 पैकी 106 जागा आघाडीच्या होत्या. विरोधी बाकांवर सावली पडायलाही माणूस नव्हता.

मग 2024 आलं. 23 नोव्हेंबरला वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना 3,153 मतांनी हरवलं. त्या विवेक पंडितांच्या कन्या, म्हणजे 2009 ची लढाई पुढच्या पिढीनं लढली. नालासोपाऱ्यात राजन नाईक यांनी क्षितिज ठाकूर यांना 36 हजारांहून अधिक मतांनी पाडलं. बोईसरही गेलं. 2019 ला तिन्ही जागा आघाडीकडे होत्या, पाच वर्षांत एकही उरली नाही. ‘अप्पांचा काळ संपला,’ असं हितेंद्र ठाकूरांबद्दल त्या रात्री विरार लोकलमध्ये प्रत्येक डब्यात ऐकू येत होतं.

संपला? जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत बहुमत पुन्हा आघाडीलाच मिळालं.

यावर मतदाराला चंचल म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. इथल्या माणसाच्या डोक्यात हिशेबाच्या दोन वह्या आहेत. एकीत नळ, गटार, दाखला, इस्पितळातली खाट. दुसरीत देश, धर्म, पंतप्रधान आणि अलीकडे खात्यात येणारे दीड हजार रुपये. महापालिकेला तो पहिली वही उघडतो, लोकसभेला दुसरी. विधानसभेला दोन्ही वह्या समोर असतात, म्हणून तिथला निकाल सर्वांत गुंतागुंतीचा.

2024 मध्ये पहिल्या वहीची पानं कोरी होती, हे लक्षात घ्या. जून 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. रात्री अकरा वाजता पाणी आलं नाही म्हणून ज्याच्या दारावर थाप मारायची, तो नगरसेवकच माजी झाला. आघाडीची खरी ताकद या थापेत होती. माझ्या मते विधानसभेच्या पराभवात लाटेइतकाच वाटा या रिकाम्या खुर्चीचा आहे. वसईत तिरंगी लढतीत काँग्रेसच्या विजय पाटलांनी साठ हजारांवर मतं घेतली, हे आणखी एक कारण. तिथे 3,153 चा फरक म्हणजे दोनचार सोसायट्या इकडच्या तिकडे.

चिन्ह बदललं तरी हिशेब बिघडतो. आघाडीची ओळख शिट्टी. प्रचारात पोरं इतकी शिट्ट्या फुंकतात की रस्त्यावरचा वाहतूक पोलीस गोंधळावा. 2019 च्या लोकसभेला ही शिट्टी हातची गेली आणि रिक्षा घ्यावी लागली. त्या वर्षी टेबलावरच्या पोरांचं निम्मं काम ‘काकी, शिट्टी शोधू नका, रिक्षा’ हे सांगण्याचं होतं.

आता तक्ता वाचताना काय पाहायचं ते. नव्या महापालिकेत 29 प्रभाग आहेत आणि बहुतेक ठिकाणी एका मतदाराला चार मतं. शिट्टीला दोन, कमळाला दोन असंही कोणी करतं. त्यामुळे ‘अमुक प्रभाग आघाडीचा’ म्हणण्याआधी चारही जागांचे आकडे शेजारीशेजारी मांडा. यादीचे भाग बदलू शकतात, म्हणून 2019 चा भाग 112 आणि 2024 चा भाग 112 ही एकच गल्ली असेल असं धरू नका. केंद्राचं नाव पाहा, शाळा तीच आहे का बघा. टपाली मतं केंद्रनिहाय आकड्यांत नसतात. आणि फॉर्म 20 केंद्राबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. एखाद्या केंद्रावर ख्रिस्ती आडनावं जास्त आणि काँग्रेसची मतं जास्त, एवढ्यावरून शेजारच्या फर्नांडिस काकांनी कोणाला मत दिलं हे सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा.

या आठवड्यात एवढं करा. मतदार ओळखपत्र काढा, आपला भाग क्रमांक शोधा आणि 2019 व 2024 चे दोन्ही तक्ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पुढच्या भागात ‘नाव गावाला आहे’ म्हणणाऱ्यांकडे वळू; राहायला नालासोपाऱ्यात आणि मतदानाला राजापूर नाहीतर जौनपूर, अशांकडे.